सात आठवड्यांची गरोदर आणि रोज पाच-सहा सिगारेटी: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय एकोणतीस, मालाडला रात्रपाळीची नोकरी, सहा वर्षांपासून रोज पाच-सहा सिगारेटी. पाळी चुकली, सोनोग्राफी झाली, सात आठवडे भरलेत आणि बाळाचे ठोके दिसलेत. नवरा सिगारेट ओढतो. सासूबाई मशेरी लावतात आणि तुमची मळमळ बघून ‘जराशी लावून बघ, बरं वाटेल’ म्हणतात. तुम्ही सिगारेट ओढता हे त्यांना माहीत नाही, आणि गुरुवारच्या पहिल्या तपासणीला त्याच सोबत येणार आहेत. तुम्ही विचारलंय ते असं: बाळाला काही झालं असेल का, हे मूल ठेवावं की नाही, सिगारेट एकदम सोडावी की हळूहळू (कारण एकदम सोडल्याचा ताण बाळाला जास्त वाईट, असं मैत्रिणीने सांगितलं), आणि हे डॉक्टरांना सांगावं का.

मी मुंबईत प्रसूती आणि स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. सुरुवातीची वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात गेली, आता उपनगरात माझं क्लिनिक आहे. तुमच्यासारख्या मुली माझ्याकडे येतात, पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि बहुतेक जणी हे सांगतात ते चौथ्या-पाचव्या महिन्यात, काहीतरी बिनसल्यावर. तुम्ही सातव्या आठवड्यात विचारताय. या विषयात त्याने फार मोठा फरक पडतो. कसा, ते पुढे सांगते.

आधी मूल ठेवण्या-न ठेवण्याबद्दल. मूल तुम्हाला हवं असेल आणि फक्त सिगारेटीच्या भीतीने नको म्हणत असाल, तर त्यासाठी गर्भपात करू नका. आजवर ओढलेल्या सिगारेटींमुळे बाळात व्यंग असेलच असं अजिबात नाही. ज्या व्यंगाचा सिगारेटीशी संबंध पक्का झालेला आहे ते म्हणजे दुभंगलेला ओठ किंवा टाळू. एरवी ते साधारण हजार बाळांत एखाद्याला असतं. आई सिगारेट ओढत असेल तर ते प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढतं. तीस टक्के ऐकायला भयंकर वाटतं, पण मूळ आकडाच हजारात एक असल्यामुळे त्याचा अर्थ होतो हजारात एकाऐवजी साधारण सव्वा. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ नीट बघून घेता येतो आणि या व्यंगावर शस्त्रक्रियेने चांगले उपचार होतात. आपोआप गर्भपात होण्याची आणि गर्भ नळीत राहण्याची शक्यताही तंबाखूने वाढते. पण तुमच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे आणि ठोके दिसलेत, म्हणजे नळीतल्या गर्भाची काळजी मिटली आणि गर्भपाताची शक्यताही पहिल्यापेक्षा बरीच उतरली.

सिगारेटीने होणारं खरं नुकसान एका दिवसात होत नाही. ते महिनोन् महिने साचत जातं आणि त्यातलं बरंचसं पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर होतं, बाळ झपाट्याने वाढत असताना. म्हणूनच तुमच्या हातात अजून खूप काही आहे.

हे नेमकं कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे ‘कमी केल्या तर चालतील का’ याचंही उत्तर मिळेल. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तो वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाकडे जातो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षाही थोडा जास्त साचतो, शिवाय तिथून निघायला वेळ जास्त घेतो. म्हणजे रक्त पोचतं, पण प्राणवायू कमी पोचतो. दुसऱ्या बाजूने निकोटीन वारेच्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे मुळात रक्तच कमी जातं. निकोटीन थेट बाळाच्या रक्तात आणि गर्भजलातही उतरतं, आणि वाढत्या फुप्फुसांवर आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५२ टक्के आहे. ज्या बाईचं हिमोग्लोबिन साडेनऊ आहे, तिच्या त्या थोड्या हिमोग्लोबिनमधला काही भाग कार्बन मोनॉक्साइडने अडवून ठेवला तर बाळाला काय उरणार? त्यात आपल्या बाळांचं जन्मवजनही मुळात सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. सिगारेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी दीडशे ते अडीचशे ग्रॅमनी हलकं भरतं. युरोपातल्या साडेतीन किलोच्या बाळाचे दोनशे ग्रॅम गेले तर ते तरून जातं. आपल्या बाळाचे गेले तर ते अडीच किलोच्या रेषेवर येऊन टेकतं, आणि त्या रेषेखाली गेलं की दूध ओढायला त्रास, अंग गार पडणं, जंतुसंसर्ग, काचेच्या पेटीत राहणं, हे सगळं मागे लागतं. म्हणून ‘परदेशातल्या बायका ओढतात, त्यांना काही होत नाही’ हे वाक्य मला फार खटकतं.

बाळंतपणानंतर मी वार ट्रेमध्ये उलटी करून बघते, ती आमच्या कामाची शिस्तच आहे. सिगारेट ओढत राहिलेल्या आईची वार पुष्कळदा लहान असते आणि हातमोज्यातूनही रवाळ लागते, कॅल्शियमच्या बारीक कणांमुळे. दिवस भरल्यावर थोडं कॅल्शियम कुठल्याही वारेत सापडतं, त्यामुळे एका वारेवरून मी कुणाला दोष देत नाही. पण दोन किलो दोनशेचं बाळ शेजारच्या काट्यावर असतं आणि हातात तशी वार असते, तेव्हा त्या बाळाने नऊ महिने कशावर काढले ते कळतं.

वजनाखेरीज जे धोके खात्रीने वाढतात ते असे: दिवस भरण्याआधी बाळंतपण, वार खाली सरकलेली असणं, वार वेळेआधी सुटून अचानक रक्तस्राव होणं, पोटातच बाळ जाणं. जन्मानंतर झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो. पुढे छातीत घरघर, दमा, वारंवार खोकला. मुंबईच्या हवेत अशा मुलांचे आईबाप पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत नेब्युलायझर घेऊन बसलेले असतात.

बुद्धी आणि वागणुकीचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. चंचलपणा, अभ्यासात मागे पडणं, याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण एकाच आईची दोन मुलं घेऊन, एका खेपेला तिने सिगारेट ओढली आणि दुसऱ्या खेपेला नाही, अशी सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा हा फरक बराच कमी झाला. म्हणजे त्यातला मोठा वाटा घरची परिस्थिती, आनुवंशिकता, शिक्षण यांचा असावा. त्यामुळे ‘तुझं मूल मतिमंद होईल’ अशी भीती कुणी घातली तर मनावर घेऊ नका. वजन आणि फुप्फुसं यांच्या बाबतीत मात्र मी अशी सूट देणार नाही, तिथला पुरावा भक्कम आहे.

आता सोडण्याकडे येते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात अडीच हजारांच्या आसपास पहिलटकरणींचा अभ्यास झाला, २००९ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ज्या बायकांनी पंधरा आठवड्यांच्या आत सिगारेट पूर्ण सोडली, त्यांच्यात मुदतपूर्व बाळंतपण आणि कमी वाढीची बाळं यांचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्या बायकांइतकंच निघालं. ज्या ओढत राहिल्या त्यांच्यात दोन्ही जास्त. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात. म्हणजे तुमच्याकडे आठ आठवडे आहेत, पण कृपा करून ते वापरून संपवू नका. आज सोडली तर दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जवळपास निघून जातो.

कमी करण्यावर मी भर का देत नाही ते सांगते. सहाच्या तीन केल्या की त्या तीन माणूस जास्त खोल ओढतो, थोटकापर्यंत ओढतो, आणि शरीर आपलं ठरलेलं निकोटीन वसूल करतं. शिवाय दिवसाला एक ते पाच सिगारेटी ओढणाऱ्यांतही बाळाची वाढ कमी झालेली दिसते. कमी करणं ही सोडण्याच्या वाटेवरची दोन-चार दिवसांची पायरी असेल तर ठीक. तोच मुक्काम झाला तर त्याचा बाळाला फारसा उपयोग नाही.

आणि तो ताणाचा मुद्दा. हे मी इतक्या वेळा ऐकलंय, क्वचित डॉक्टरांच्याही तोंडून, की आता त्यावर रागच येतो. सोडताना चिडचिड होते, झोप उडते, रडू येतं, हे खरं आहे. पण ते दोन-तीन दिवस जोरात असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. त्या चिडचिडीने बाळाला इजा होते असा पुरावा नाही. सिगारेटीने होते याचे ढिगाने पुरावे आहेत. शिवाय ज्याला आपण ताण म्हणतो त्यातला बराचसा मागच्या सिगारेटीचं निकोटीन उतरल्याचा असतो. गरोदरपणात तर शरीर निकोटीन नेहमीपेक्षा झपाट्याने संपवतं, त्यामुळे तलफ लवकर लवकर येते. ‘मला तर आधीपेक्षा जास्त ओढावीशी वाटते, मी किती वाईट आई’ असं माझ्यासमोर बसून एक मुलगी हमसून रडली होती. त्यात वाईट आई होण्यासारखं काही नाही, शरीरच तसं चालतं.

तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांत उतरते. ती कुठे येते ते तुम्हालाच ठाऊक. माझा अंदाज, रात्री दोनच्या ब्रेकला ऑफिसखालच्या टपरीवर, चहाच्या ग्लासाबरोबर. मग पहिले तीन आठवडे टपरीवर जाऊ नका. ब्रेकला आतच बसा, भाजलेले चणे किंवा फुटाणे खा, लिंबूपाणी घ्या, दोन मजले चाला. जमलं तर डॉक्टरांचं पत्र देऊन रात्रपाळी बदलून मागा, झोपेच्या अभावाने तलफ वाढते. तोंडात टाकायला बडीशेप चालेल, पण सुगंधी सुपारी नको. सुपारीही बाळाच्या वजनावर उठते आणि ‘साधीच तर आहे’ म्हणून बायका दिवसभर चघळत राहतात. व्हेपवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, तरी ते मिळतात हे मला ठाऊक आहे. त्यात निकोटीन असतंच, तो पर्याय नव्हे.

एकटीने जमत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. समुपदेशनाने गरोदर बायकांना खरंच फायदा होतो, नुसतं ‘सोडा’ म्हटल्याने होत नाही. आठवडाभर प्रामाणिक प्रयत्न करूनही सुटली नाही, तर निकोटीनच्या च्युइंगगमचा विचार करता येतो. निकोटीन त्यातही आहे, पण कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातली बाकीची शेकडो विषं नाहीत. ते दुकानातून स्वतःहून आणू नका, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या गरोदरपणात आम्ही देत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, मूल सिगारेटीच्या भीतीने पाडू नका, सिगारेट आजच पूर्ण बंद करा, आणि चिडचिडीला घाबरू नका.

मशेरीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण मुंबईत सिगारेट ओढणाऱ्या एका गरोदर बाईमागे मशेरी लावणाऱ्या कित्येक जणी असतात. तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखू, कुटून डबीत भरलेला. सकाळी दातांना, मग जेवणानंतर, मग दुपारी कंटाळा आला म्हणून. तंबाखू खाता का विचारलं तर ‘नाही’ म्हणतात आणि तेव्हाच तर्जनीचं टोक आणि हिरड्यांची कड काळपट दिसत असते. त्यांना ते दात घासणंच वाटतं. हिरडीतून निकोटीन रक्तात छान शोषलं जातं. २००४ साली मुंबईतल्याच १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं होतं. मशेरीने मळमळ थांबत नाही. नव्या माणसाला तर तंबाखूने उलट गरगरतं आणि उलटी होते. सिगारेट सोडून मशेरी धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या प्रेमाने सांगताहेत, त्यांच्या बाळंतपणात त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असेल. ‘आई, डॉक्टरांनी तंबाखू कुठल्याही रूपात नको म्हटलंय’ एवढं बोला. मशेरी घरात भाजत असतील तर तेवढं घराबाहेर होऊ दे, त्या धुरातही तंबाखूच असतो. मळमळीसाठी उठल्या उठल्या कोरडा खाकरा किंवा टोस्ट, थोडं थोडं पण वारंवार खाणं, आल्याचा तुकडा, आणि तरी थांबली नाही तर डॉक्टर सुरक्षित गोळी देतात.

नवऱ्याशी मात्र उघड बोलायला हवं. नवरा घरात ओढत राहिला तर बायकोची सुटत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन तीसएक ग्रॅमनी घटतं आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. वन बीएचकेमध्ये खिडकीत किंवा गॅलरीत उभं राहून ओढणं म्हणजे घरातच ओढणं. खाली जाऊन ओढा, हात-तोंड धुवा, शर्ट बदला, ही किमान अट. दोघांनी एकत्र सोडली तर दोघांचीही सुटण्याची शक्यता वाढते. गुरुवारी सासूबाईंबरोबर तेही आले तर उत्तम.

आता गुरुवार. डॉक्टरांना सांगायचंच. यात माझं उत्तर ठाम आहे. तुम्ही सांगितलंत तर आम्ही अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते आणि ओठ जास्त बारकाईने बघू, अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाची वाढ मोजायला एखादी सोनोग्राफी जास्त करू, गरज पडली तर बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह बघणारी डॉपलर तपासणी करू, आणि मध्येच रक्त गेलं किंवा पोट दुखलं तर ते हलक्यात घेणार नाही. तुम्ही लपवलंत तर बाळ वाढत नाही हे आम्हाला उशिरा कळेल आणि कारण शोधण्यात आणखी वेळ जाईल.

सासूबाई शेजारी असताना कसं सांगायचं? एका कागदावर लिहा: ‘सहा वर्षं, रोज पाच-सहा सिगारेटी, अमुक तारखेला बंद केली. हे घरी माहीत नाही.’ वजन आणि बीपी घ्यायला सिस्टर आत नेतात तेव्हा तो कागद त्यांच्या हातात द्या. किंवा तपासणीच्या टेबलावर पडदा ओढल्यावर हळू आवाजात सांगा. बाकीच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगणं आम्हाला नवीन नाही. फाइल घरात सगळे चाळतात, तेव्हा नोंद कशी करायची तेही डॉक्टरांशी बोलून घ्या. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी हे सासूबाईंना सांगायचं नसतं. कुणी सांगितलंच, किंवा तुम्हाला चार शब्द सुनावून अपमान केला, तर डॉक्टर बदला. सासूबाईंना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हा तुमचा प्रश्न आहे, बाळाच्या तब्येतीसाठी त्याची गरज नाही.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांच्या तपासण्या होतील. सिगारेट ओढणाऱ्यांचं हिमोग्लोबिन थोडं फसवं जास्त येतं, म्हणून आकडा ठीक दिसला तरी लोहाच्या गोळ्या सांगितल्यावर सोडू नका. फोलिक अ‍ॅसिड अजून सुरू नसेल तर गुरुवारची वाट न बघता आजच सुरू करा. तंबाखूने शरीरातलं फोलेटही कमी होतं.

मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली तर ‘आता सगळं मोडलं’ म्हणून पाकीट संपवू नका. पुढची ओढू नका, आणि डॉक्टरांना तसं सांगा. बाळंतपणानंतरचे महिने जास्त कठीण असतात. जागरणं सुरू होतात, पोटात बाळ नसतं, आणि सोडलेल्या पुष्कळ जणी तिथे परत ओढू लागतात. सातव्या-आठव्या महिन्यात त्याबद्दल डॉक्टरांशी मुद्दाम बोला. घरात कुणीही ओढत असेल तर बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेऊन झोपू नका, शेजारी त्याचं वेगळं अंथरूण घाला आणि पाठीवर झोपवा. आणि समजा परत सुरू झालीच, तरी अंगावरचं दूध तोडायचं नाही. निकोटीन दुधात उतरतं, तरीही त्या बाळाला वरच्या दुधापेक्षा आईचं दूधच चांगलं. फक्त ओढून लगेच पाजू नका, आधी पाजा.

गुरुवारी हिमोग्लोबिन किती आलं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते जमलं तर इथे लिहा. अठरा आठवड्यांची सोनोग्राफी झाल्यावर रिपोर्टमध्ये वारेची जागा काय लिहिली आहे तेही कळवा, मी वाचून उत्तर देईन.